फोटो कधी काढला?



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी सांगितले, ‘एक्स-रे केव्हा काढला याची आपोआप नोंद करणारी पेटी.’ त्यांनी तो दोनदा विचारून घेतला. हमालांच्या संघटनेच्या माणसाने हमालीवर बोलावे, फार तर महागाईवर बोलावे. हा एक्स-रेच्या वाटेला का गेला, अशी शंका त्यांना आली असावी. ती रास्त आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात, कोर्टाच्या पायऱ्यांवर आणि सोलापूरच्या पॅसेंजर गाडीत झाले. तेव्हा शास्त्राच्या बाबतीत माझ्या हातून कमीजास्त झाल्यास सभेतील डॉक्टर मंडळींनी मला तिथल्या तिथे दुरुस्त करावे. मी रागावणार नाही.

या विषयात मी आपण होऊन शिरलो नाही. मला एका मोडलेल्या हाडाने त्यात ओढले.

२०१४ सालची गोष्ट. मार्च महिना, तुरीचा हंगाम. आपल्या बाजारात गाड्यांची रीघ लागलेली. आमचा एक हमाल, आम्ही सगळे त्याला मामा म्हणतो, थप्पीवरून पोत्यासकट खाली आला. त्याला जवळच्या मोठ्या गावातील एका रुग्णालयात नेले. गावाचे आणि रुग्णालयाचे नाव इथे घेत नाही. तेथे मांडीचा फोटो काढला. आपल्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात, आणि तेच बरे आहे. हाड मोडले होते. ऑपरेशन झाले, सळई बसली, आणि मामाने त्यानंतर पोते उचलले नाही. आम्ही १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली दावा लावला. साक्षीदार होते, दुकानाची त्या दिवसाची पट्टी होती, तोलाराचे पुस्तक होते. आम्हांला वाटले, दावा सरळ आहे.

समोरच्या वकिलाने एकच कागद पुढे केला. कागद म्हणजे मामाच्याच फोटोची फिल्म. तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत तारीख छापलेली होती, आणि ती अपघाताच्या आधी अकरा दिवसांची होती. वकील म्हणाला, ‘महाराज, अपघात होण्यापूर्वी अकरा दिवस या गृहस्थाचे हाड मोडलेले होते. तो मोडक्या पायाने बाजारात आला आणि पडण्याचे सोंग केले.’

मी कोर्टात बसलो होतो. मामाला मराठी कळते, पण संताप आला की तो कानडीत जातो. त्याने माझ्या कानाशी लागून एवढेच विचारले, ‘यावाग?’ म्हणजे कधी? कधी काढला म्हणतात फोटो?

रुग्णालयाच्या वहीत तारीख बरोबर होती. पण त्याच ओळीत आकड्यावर आकडा गिरवलेला. गिरवलेल्या वहीची कोर्टात काय किंमत होते, ते आपणांपैकी ज्यांनी वाटणीचे दावे लढवले आहेत त्यांना ठाऊक आहे. पुढे कळले ते असे. फिल्मवरची तारीख माणूस घालत नाही, संगणक घालतो. संगणकाला ती त्याच्या पोटातले घड्याळ सांगते. त्या घड्याळाला जगवणारा बटणासारखा छोटा सेल संपला होता. दोन दिवस वीज गेली, घड्याळ मेले, आणि वीज आल्यावर कोणीतरी घाईघाईत अंदाजाने तारीख भरली. तेव्हापासून त्या यंत्रातून निघालेली प्रत्येक फिल्म अकरा दिवस मागची होती. लबाडी कोणाचीच नव्हती, आणि म्हणूनच ती पकडणे कठीण होते.

हे सिद्ध कसे करायचे? सुचले ते आमच्या वकिलांना नव्हे, तेथल्याच एक्स-रे काढणाऱ्या पोराला. वहीत मामाच्या पुढचा नंबर एका लहान मुलाचा होता. त्याने रुपयाचे नाणे गिळले होते. फोटोत नाणे स्पष्ट दिसत होते, आणि त्या फिल्मवरही तीच अकरा दिवसांपूर्वीची तारीख. पण त्या पोराला त्याच संध्याकाळी सोलापूरला हलवले होते, आणि तेथल्या केसपेपरवर तारीख आणि वेळ दोन्ही होती. पुढच्या नंबरचा फोटो अमुक दिवशीचा, तर मागच्या नंबरचा अकरा दिवस आधीचा कसा? दाव्याचा निकाल लागायला जवळजवळ तीन वर्षे गेली. पैसे मिळाले. परंतु त्या मुलाने नाणे गिळले नसते तर मामा खोटा ठरला असता, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना.

तेव्हा मी वाचू लागलो.

क्ष-किरणांचा शोध जर्मनीतील वुर्झबुर्ग येथे विल्हेल्म राँटजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लागला. काळ्या कागदात गुंडाळलेल्या काचेच्या नळीतून वीज सोडली असता अंधारात बाजूचा रासायनिक लेप दिलेला पडदा चमकू लागला. डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचा फोटो काढला. हाडे आणि बोटातली अंगठी दिसली. १९०१ सालचे पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. हे सर्व शाळेच्या पुस्तकांत असते. शाळेच्या पुस्तकांत नसते ते क्लॅरेन्स डॅली याचे नाव. हा अमेरिकेत एडिसन यांच्याकडे कामगार होता. क्ष-किरणांच्या नळ्या तपासायच्या म्हणजे आपला स्वतःचा हात मध्ये धरून पाहायचा, ही त्याची रोजची नोकरी. आधी कातडी जळली, मग हात कापावे लागले, आणि १९०४ साली तो वारला. एडिसन यांनी त्यानंतर हे काम सोडून दिले. जर्मनीतच हॅम्बुर्ग येथे १९३६ साली अशा माणसांचे स्मारक उभारले गेले. ज्यांनी दुसऱ्यांची हाडे पाहण्यासाठी आपली हाडे खर्ची घातली त्यांची नावे त्या दगडावर आहेत.

आता कोणी घाबरून जाऊ नये. आज छातीचा एक फोटो काढताना अंगात जो किरण जातो तो, नुसते या पृथ्वीवर राहिल्याने वर्षभरात माती, हवा आणि आकाशातून जेवढा मिळतो, त्याचा अगदी लहानसा अंश असतो. डॉक्टरांनी फोटो सांगितला तर तो काढावा. भीती ज्याला महिनोन्‌महिने त्या खोलीत राहायचे आहे त्याची.

डॅलीजवळ जे नव्हते ते आज कामगाराजवळ आहे. एक्स-रेच्या खोलीतल्या माणसाच्या छातीवर आपण एक चपटी डबी लावलेली पाहिली असेल. पूर्वी तिच्यात फिल्म असे. आपल्या देशात १९७५ पासून दुसरी पद्धत आली. कॅल्शियम सल्फेटमध्ये डिस्प्रोशियम नावाच्या धातूचा अंश मिसळून केलेल्या तीन चकत्या तिच्यात असतात. किरण लागला की त्याची शक्ती चकती आपल्या पोटात साठवते. नंतर ती तापवली की साठवलेले प्रकाशाच्या रूपाने ओकून टाकते. तो प्रकाश मोजला की किरण किती लागला ते कळते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे हे काम आहे. डबी सामान्यतः तीन महिन्यांनी तपासणीला जाते. मर्यादाही ठरलेली आहे. पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. यावर लक्ष ठेवण्यासाठी १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले.

व्यवस्था चांगली आहे. परंतु चकती सांगते ‘किती’. ‘कधी’ ते सांगत नाही. समजा, तीन महिन्यांनी आकडा जास्त आला. मालक म्हणतो, तू डबी खोलीतच खुंटीला विसरून गेलास. कामगार म्हणतो, मी विसरलो नाही, तुम्ही माझ्याकडून दोन माणसांचे काम करून घेतले. चकती दोघांकडे बघत गप्प बसते. आमच्या हमालांच्या भाषेत सांगायचे तर हंगामाच्या शेवटी एकूण वजन सांगितले, पण कोणत्या दिवशी किती पोती उतरवली त्याची चिठ्ठीच नाही.

म्हणजे रोग्यालाही ‘कधी’ हवे आहे आणि कामगारालाही. मग ‘कधी’ची नोंद यंत्राकडूनच करून घेण्याचा प्रयत्न आपल्याकडे कोणी केला आहे काय, हे मी शोधू लागलो, आणि मला फार लांब जावे लागले नाही. तो कोल्हापुरात झाला होता. तो एक्स-रेवर नव्हता, सोनोग्राफीवर होता. सोनोग्राफीत किरण नसतात, ऐकू न येणारा ध्वनी असतो. परंतु प्रश्न तोच होता.

आपल्या महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९८८ साली कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ साली आणखी कडक झाला. या कायद्याचा कणा कागदाचा आहे. गरोदर स्त्रीची सोनोग्राफी केली की ‘एफ’ नमुना भरायचा, आणि दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत मागील महिन्याचा अहवाल द्यायचा. नोंदीतली उणीव हाच गुन्हा मानला जातो. तो नाही हे डॉक्टरने सिद्ध करायचे. एवढा जबरदस्त कायदा, पण कागद भरणार कोण? ज्याच्या हातात यंत्र, त्याच्याच हातात लेखणी. ज्या बाईचा नमुना भरलाच नाही तिची सोनोग्राफी झालीच नाही. चोरट्या मालाची पट्टी होत नसते.

२००१ च्या शिरगणतीत सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे कोल्हापूर जिल्ह्यात ८३९ मुली होत्या. ऊस, दूध, कुस्ती, तालमी, आणि त्याबरोबर हा आकडा. तेथे लक्ष्मीकांत देशमुख हे जिल्हाधिकारी होते. हे तेच देशमुख, जे २०१८ साली बडोद्याच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांनी पुण्याच्या एका तंत्रज्ञ मंडळींकडून एक पेटी करवून घेतली आणि जिल्ह्यातल्या सोनोग्राफी यंत्रांना ती जोडण्याचा हुकूम २०१० साली काढला. तिचे नाव ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’, म्हणजे मुका पहारेकरी. यंत्राच्या पडद्यावर जे दिसते तेच ती वेळेसह आपल्यात साठवून ठेवते. पुढे ‘एफ’ नमुनाही संगणकावरून चोवीस तासांत भरण्याचा हुकूम निघाला. आता दोन नोंदी झाल्या, एक माणसाने केलेली आणि एक यंत्राने केलेली. दोहोंचा मेळ घातला की जिथे अंतर पडते तिथे विचारायचे, ही कोणाची तपासणी?

डॉक्टरांची संघटना उच्च न्यायालयात गेली. आमच्यावर चोरांसारखा पहारा का, खर्च आमच्या डोक्यावर का, आणि रोगी बाईच्या खाजगीपणाचे काय, असे त्यांचे म्हणणे होते. ऑगस्ट २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि पेटी राहिली. २०११ च्या शिरगणतीत कोल्हापूरचा आकडा ८३९ वरून ८६३ झाला. त्याच दहा वर्षांत सबंध महाराष्ट्राचा ९१३ वरून ८९४ वर उतरला, आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याचा ८९५ वरून ८८३ वर. शेवटचा आकडा मी मुद्दाम सांगतो. कोल्हापूरची गोष्ट आपण शेजाऱ्याच्या घरची भानगड म्हणून ऐकू नये.

ही सगळी पेटीची किमया, असे मी म्हणणार नाही. दहा वर्षांच्या गणतीत पेटीच्या वाट्याला वर्ष-दीड वर्षच आले. त्याखेरीज तेथे धाडी पडल्या, सभा झाल्या, बाया पुढे आल्या. शिवाय पेटीला दिसते ते पडद्यावरचे. डॉक्टर बोटाने जी खूण करतो, किंवा ‘पेढे की बर्फी’ असे जे विचारतो, ते तिला दिसत नाही की ऐकू येत नाही. ज्या यंत्राला ती बसवलीच नाही ते यंत्र तर तिच्या लेखी जगातच नाही. आणि आपण तर हद्दीवरचे लोक. चार मैलांवर राज्य बदलते, जिल्हाधिकारी बदलतो, हुकूम बदलतो. पोटातले पोर तेच असते. तरीही कोल्हापूरने एक गोष्ट दाखवून दिली. नोंद करणाराची लेखणी आणि यंत्राची नोंद या दोन वेगळ्या हातांत ठेवल्या, म्हणजे दोघांनाही थोडे खरे बोलावे लागते.

हे वाचून मला वाटले, एक्स-रेची पेटी तर याहून सोपी असली पाहिजे. आपल्या बाजारातच एक तरुण आहे. आयटीआय झालेला, मोबाईल दुरुस्त करतो, आणि रिकाम्या वेळात काहीतरी खटपट करीत असतो. मी त्याला म्हटले, असे असे हवे. तो म्हणाला, ‘अण्णा, कुठे जोडायची ते आधी सांगा.’ आणि खरा प्रश्न तोच निघाला.

पहिला विचार असा की, एक्स-रे काढणारा जे बटण दाबतो त्यालाच तार जोडावी. पण ते बटण दोन टप्प्यांचे असते. अर्धे दाबले की नळीतली चकती फिरू लागते, पुरते दाबले की किरण सुटतो. कधी अर्धे दाबून माणूस सोडून देतो, कारण रोगी हलला. म्हणजे बटणावर विसंबलो तर न झालेल्या फोटोची नोंद होईल. दुसरा विचार, यंत्राच्या विजेच्या तारेवरचा प्रवाह मोजावा. पण तीच वीज पंखा, चकती, दिवा सगळ्यांना जाते. आणि यंत्राच्या पोटात हात घालायचा नाही, हे मी त्याला निक्षून सांगितले. तेथे विजेचा दाब हजारो व्होल्टचा असतो, लाखाच्याही वर जातो, जीव जाईल. शिवाय मंडळाने मंजूर केलेल्या यंत्रात ढवळाढवळ करणे योग्य नाही.

तेव्हा ठरले की किरणालाच पकडायचे. प्रकाश ओळखणारा डाळीएवढा डायोड बाजारात थोड्या पैशांत मिळतो. त्याला काळ्या चिकटपट्टीने असा गुंडाळायचा की उजेडाचा ठिपकाही आत जाऊ नये. उजेड अडतो, क्ष-किरण अडत नाही. किरण आत शिरला की डायोडात अत्यंत सूक्ष्म प्रवाह उठतो. तो हजारो पटींनी वाढवायचा, म्हणजे पेटीला कळते की ‘आता सुटला’. नळीच्या झाकणाला बाहेरून नुसता चिकटवायचा; यंत्राची एकही तार तोडायची नाही.

सांगायला सोपे. छातीचा फोटो सेकंदाच्या विसाव्या, कधी पन्नासाव्या भागात होऊन जातो. पेटीने तेवढ्यात जागे व्हायला पाहिजे. पण फार जागी ठेवली तर ट्यूबलाइट लागली तरी नोंद, कोणी स्टूल आपटले तरी नोंद. पहिल्या दिवशी आमच्या पेटीने रात्री दोन वाजता चार फोटो काढल्याचे सांगितले. तेव्हा दवाखान्यात वॉचमन आणि मांजर यांखेरीज कोणी नव्हते. झोपाळू केली तर लहान मुलाच्या मनगटाचा फोटो सुटून जाई. शेवटी त्या तरुणाने दोन डायोड बसवले, आणि दोघांनी एकाच क्षणी साक्ष दिली तरच नोंद, असा नियम घातला. एका साक्षीदारावर निकाल देऊ नये, हे त्याला कोणी शिकवले नव्हते.

मग घड्याळ. मामाचा दावा घड्याळानेच बुडवत आणला होता, म्हणून इथे मी हट्टाने बसलो. पेटीतले घड्याळ गारगोटीच्या स्फटिकावर चालते. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्याचे पंधरा वेळा निम्मे केले की नेमका एक सेकंद येतो. साधा स्फटिक वर्षाला दहा मिनिटे चुकू शकतो. उष्णतेचा हिशेब ठेवणारा थोडा महाग मिळतो, तो वर्षाला मिनिटभर. आपल्या एप्रिल-मेचा उन्हाळा लक्षात घेऊन आम्ही महागच घेतला. पण सेल संपला तर? तरुण म्हणाला, मग १ जानेवारी २००० पासून सुरू होईल, सगळी अशीच होतात. मी म्हटले, नाही. सेल संपला तर पेटीने तारीख लिहायचीच नाही. ‘घड्याळ बंद’ असे लिहून नुसता पुढचा अनुक्रमांक टाकायचा. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावे. माणसाला जे जमत नाही ते निदान पेटीला शिकवता येते. अनुक्रमांक मात्र कशानेही मागे जाता कामा नये. त्या नाणे गिळलेल्या मुलाने आम्हांला वाचवले ते अनुक्रमांकाच्याच जोरावर.

मधली ओळ कोणी पुसली तर कळावे कसे? याला आपल्या व्यापाऱ्यांची वही उपयोगी पडली. पानाच्या अखेरीची बेरीज आपण ‘मागील पानावरून’ म्हणून पुढे ओढतो. तसे पेटीची प्रत्येक ओळ मागच्या ओळीचा एक आकडा आपल्याबरोबर ओढते. मधली फाडली की पुढचा हिशेब जुळत नाही. आणि रोग्याचे नाव पेटीत कोठेही नाही. अनुक्रमांक, तारीख, वेळ, किरण किती वेळ सुटला, बस्स. कोल्हापूरच्या पेटीत चित्रे साठतात, कारण तिथे गुन्हा चित्रात होता. आम्हांला चित्र नको होते, फक्त वेळ हवी होती. जेवढ्याची गरज तेवढेच लिहावे, असे मला वाटते. पेटीचा सगळा खर्च दोन हजारांच्या आत झाला.

एका डॉक्टरसाहेबांनी मोठ्या मनाने आपल्या दवाखान्यात ती लावू दिली. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस आम्ही पेटी आणि वही समोरासमोर ठेवली. पेटीत ६३, वहीत ५६. सात जास्त. दोन सकाळी नळी तापवण्यासाठी सोडलेले. उरलेले पाच म्हणजे बिघडलेले फोटो, जे पुन्हा काढले गेले आणि वहीत एकदाच लिहिले गेले. म्हणजे पाच रोग्यांना दुप्पट किरण लागला होता, आणि खोलीतल्या माणसाच्या वाट्यालाही तेवढे जास्त काम आले होते. मला फार आनंद झाला. आपण काहीतरी पकडले, असे वाटले.

त्या रात्री तेथला एक्स-रे काढणारा मुलगा माझ्या घरी आला. तो पायरीवरच उभा राहिला. म्हणाला, ‘अण्णा, तुम्ही संघटनेचे, का मालकाचे?’

मी काय उत्तर देणार? तो म्हणाला, ‘म्हातारं माणूस खोकतं, लेकरू हलतं, फोटो हलतो. मी पुन्हा काढतो, कारण हललेल्या फोटोवर डॉक्टरांना मोड दिसत नाही. उद्या या पाचांचे पैसे माझ्या पगारातून कापले तर मी काय करीन सांगू? हललेला फोटोच पुढे ढकलीन. पेटीत ५६, वहीत ५६. हिशेब चोख, आणि रोगी मेला.’

बंधुभगिनींनो, तीस वर्षे मी हमालांच्या वतीने मापाच्या, काट्याच्या आणि हजेरीच्या भांडणात उभा राहिलो आहे. सोलापूरच्या गिरणीचा भोंगा कामगाराला वेळेवर बोलावत असे, पण सुटीच्या वेळी तो उशिरा वाजतो अशी तक्रार माझे वडील नेहमी करीत. घड्याळ कोणाच्या भिंतीवर आहे, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. आणि तरी मी स्वतः एक घड्याळ नेऊन त्या पोराच्या डोक्यावर टांगले होते. कोल्हापूरच्या डॉक्टरांची तक्रार मी वाचली तेव्हा मला ती सोंग वाटली होती. सगळी सोंग नव्हती. तरी तेथे पेटीच्या दुसऱ्या बाजूला अशी मुलगी होती जी जन्मालाच येणार नव्हती. म्हणून तेथे न्यायालयाने केले ते मला आजही बरोबर वाटते. येथे दुसऱ्या बाजूला फक्त पगारकपात होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे बसलो, डॉक्टरसाहेब, तो मुलगा आणि मी. तीन तास गेले. ठरले ते असे. पेटीच्या नोंदीची एक प्रत दर आठवड्याला त्या मुलाला मिळेल, आणि तो नोकरी सोडून गेला तरी ती त्याचीच राहील. जास्तीच्या फोटोसाठी पैसा कापला जाणार नाही. पुन्हा काढलेल्या फोटोपुढे कारण लिहायचे, आणि ते तोच लिहील, दुसरा कोणी नाही. डॉक्टरसाहेबांना शेवटचे कलम पटत नव्हते. त्यांचे म्हणणे, कारण तोच लिहिणार म्हणजे पुन्हा लेखणी त्याच्याच हाती. मी म्हटले, आकडा पेटीच्या हाती आहे, कारण याच्या हाती राहू द्या. ते राजी झाले.

चौथ्या आठवड्यात कारणांची यादी पाहिली, तेव्हा तिच्यात ‘रोगी हलला’ थोडेच होते. निम्म्याहून जास्त ठिकाणी त्याने लिहिले होते, ‘स्टँड घसरला’. छातीच्या फोटोसाठी कॅसेट ज्या उभ्या स्टँडवर अडकवतात, त्याचा अडसर झिजला होता. तो हळूहळू खाली सरके आणि फोटोत फुफ्फुसाचा वरचा भाग सुटे. क्षयाची पहिली खूण बहुधा तिथेच असते, हे डॉक्टरांनी मला त्या वेळी सांगितले. दुरुस्तीला दीडशे रुपये लागले. वर्षभर तो स्टँड घसरत होता आणि वर्षभर तो मुलगा एका हाताने त्याला आधार देऊन, म्हणजे किरणाच्या वाटेच्या अगदी जवळ उभा राहून, फोटो काढीत होता. त्याने हे कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. आता तो हात तिथे लागत नाही.

ती पेटी अजून तेथेच आहे. एकदा वीज गेली आणि सेलही सैल झाला, तेव्हा तिने दोन दिवस ‘घड्याळ बंद’ असे लिहिले आणि नंबर टाकत राहिली. मी ती पट्टी मामाला नेऊन दाखवली. तो अंगणात काठी घेऊन बसला होता. अक्षरे त्याला वाचता येत नाहीत, म्हणून मी वाचून दाखवले. तो बराच वेळ हसला.

दुसरी एक पेटी त्या तरुणाने तयार केली आहे. ती मी बरोबर आणली आहे आणि या टेबलावर ठेवली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी सभा संपल्यावर पुढे यावे. तो तरुणही मागच्या रांगेत बसला आहे. मला जी उत्तरे देता येणार नाहीत ती तो देईल. झाकण मात्र उघडू नये. उघडले तर त्याचीही ती नोंद करते.